उंबरठा, बाजार आणि बहिष्कार : ग्रॅनोव्हेटर यांच्या सामूहिक वर्तनविषयक प्रतिमानाची शिरूर-भीमथडीच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना :

सामाजिक जाळी आणि जनमताची घडण हा विषय आज समाजशास्त्राबरोबरच अर्थशास्त्र, संगणकशास्त्र आणि पदार्थविज्ञान या शाखांतही अभ्यासला जातो. या अभ्यासाच्या मुळाशी जे थोडे निबंध आहेत, त्यांपैकी दोन मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे आहेत. 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी' या नियतकालिकात १९७३ मध्ये त्यांचा सैल संबंधांच्या सामर्थ्यावरील निबंध प्रसिद्ध झाला, तर १९७८ मध्ये त्याच नियतकालिकात सामूहिक वर्तनाच्या उंबरठा-प्रतिमानांविषयीचा निबंध आला. मराठीतील समाजशास्त्रीय लेखनात या दोन्ही निबंधांचा उल्लेख होतो, परंतु तो बहुधा व्याख्येपुरता असतो. व्याख्या दिली जाते, पुढे शंभर प्रतिसादकांची प्रश्नावली येते आणि शेवटी सिद्धांत 'लागू पडतो' असे लिहिले जाते. सिद्धांत कोठे अडतो हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ च्या निबंधात मुख्य उदाहरण म्हणून दंगा घेतला आहे. ते काल्पनिक उदाहरण आहे. पुणे जिल्ह्याच्या अभ्यासकाला मात्र कल्पनेची गरज पडत नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारावर बहिष्कार पडला आणि १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घटनांची सरकारी आयोगाने सविस्तर चौकशी केली. आजच्या दौंड तालुक्याचा प्रदेश त्या काळी भीमथडीत मोडत असे. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन शेजारी तालुक्यांच्या भूमीत बहिष्कार आणि दंगा असे सामूहिक मताचे दोन वेगळे आविष्कार सहा महिन्यांच्या आत घडले. ग्रॅनोव्हेटर यांच्या मांडणीची परीक्षा घेण्यास याहून योग्य सामग्री महाराष्ट्रात सहज सापडणार नाही.

ग्रॅनोव्हेटर यांची मांडणी :

उंबरठ्याची कल्पना साधी आहे. दंग्यात उतरायचे की नाही हे ठरवताना प्रत्येक माणूस इतर किती जण आधीच उतरले आहेत याकडे पाहतो. जितके लोक उतरल्यावर तो स्वतः उतरेल, ती संख्या म्हणजे त्याचा उंबरठा. त्या बिंदूवर सामील होण्याचा लाभ त्याला धोक्यापेक्षा अधिक वाटू लागतो. समजा, चौकात शंभर माणसे आहेत. एकाचा उंबरठा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असे करत शेवटच्याचा नव्व्याण्णव आहे. पहिला दगड उचलतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा, आणि अखेर शंभरही जण दंग्यात असतात. आता या शंभरातील फक्त एका माणसाचा, म्हणजे ज्याचा उंबरठा एक होता त्याचा, उंबरठा दोन करावा. पहिला माणूस दगड मारतो आणि साखळी तेथेच तुटते. दंगेखोर एकच उरतो. पहिल्या प्रसंगी वृत्तपत्रे जमाव खवळल्याची बातमी देतील, दुसऱ्या प्रसंगी एका माथेफिरूने काच फोडल्याची. प्रत्यक्षात दोन्ही जमावांतील माणसे जवळजवळ सारखीच आहेत.

हाच मुद्दा ग्रॅनोव्हेटर यांनी संख्याशास्त्राच्या आधारे पुढे नेला. शंभर जणांच्या समूहात सरासरी उंबरठा २५ धरला आणि उंबरठ्यांचे वितरण सामान्य वक्राप्रमाणे मानले, तर प्रमाण विचलन सुमारे १२.२ या मर्यादेपर्यंत दंगा जेमतेम सहा जणांवर थांबतो. मर्यादा किंचित ओलांडली की तो जवळपास सर्वांना कवेत घेतो. सरासरी मत बदललेले नसते, मतांची पांगणी तेवढी थोडी वाढलेली असते. व्यक्तींच्या मतांची बेरीज म्हणजे समूहाचे मत, या ढोबळ समजुतीला इतक्या नेमकेपणाने छेद देणारा निबंध त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

१९७३ च्या निबंधाचा रोख वेगळा आहे. जिवलग मित्र आणि नातेवाईक यांचे वर्तुळ बंदिस्त असते. त्या वर्तुळात सर्वांना तेच ठाऊक असते. नवी माहिती येते ती तोंडओळखीच्या माणसांकडून, कारण तीच दोन वर्तुळांना जोडतात. नोकरी मिळवताना ज्यांना ओळखीचा उपयोग झाला अशांपैकी केवळ १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते, ५५.६ टक्के अधूनमधून, तर २७.८ टक्के क्वचित, असे ग्रॅनोव्हेटर यांना बॉस्टनजवळच्या पाहणीत आढळले. नमुना लहान होता, पण निष्कर्ष टिकला. याच निबंधात त्यांनी बॉस्टनच्या वेस्ट एंड वस्तीचे उदाहरण दिले आहे. हर्बर्ट गान्स यांनी अभ्यासलेली ही इटालियन वस्ती नागरी पुनर्विकासात उठवली गेली आणि रहिवाशांना संघटित प्रतिकार करता आला नाही. वस्ती घट्ट टोळक्यांत विभागलेली होती आणि टोळक्यांना जोडणारे सैल संबंध नव्हते, असे कारण ग्रॅनोव्हेटर सुचवतात.

करडे ते सुपे :

घटनाक्रम थोडक्यात असा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला आणि सावकारांनी पतपुरवठा आखडता घेतला. इंदापूरपासून १८६७ मध्ये जमीन महसुलाची फेरआकारणी सुरू झाली, तिने सारा वाढला. दिवाणी न्यायालयांतून सावकारांना हुकूमनामे सहज मिळू लागले. अशा वेळी करडे येथील काळूराम या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध हुकूमनामा मिळवला, त्यांचे घर ताब्यात घेतले आणि ते पाडले. देशमुख घराण्याचा वाडा पडणे ही गावाच्या दृष्टीने केवळ कर्जवसुली नव्हती. गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेते कसायला कोणी जाईना, पाणी भरायला कोणी येईना, न्हाव्याने हजामत बंद केली. अखेर सावकारांना गाव सोडून शिरूरचा आश्रय घ्यावा लागला. करड्याचे पाहून आसपासच्या गावांनी तोच मार्ग धरला.

बहिष्कार असा पाच महिने पसरत राहिला. जाळपोळ मात्र जेथे बहिष्कार प्रथम पडला त्या करड्यात सुरू झाली नाही, ती १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झाली. तो आठवडे बाजाराचा दिवस होता. गुजर सावकारांची दुकाने आणि घरे लुटली गेली, कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या जाळल्या गेल्या. चोवीस तासांच्या आत सुमारे चौदा मैलांवरच्या गावातील प्रमुख मारवाडी सावकाराच्या गंजी व घर पेटले. पुढे भीमथडीतील इतर गावे, इंदापूर, पुरंदर, शिरूर, हवेली आणि नगर जिल्ह्याचे काही तालुके असा हा वणवा पसरला. तीसहून अधिक गावे त्यात सापडली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. तरीही माणसांवर हात टाकण्याचे प्रसंग थोडे होते. सावकाराने रोखे हवाली केले की जमाव बहुधा शांत होई. १८७५ मध्येच नेमलेल्या आयोगाने १८७६ मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या पाठोपाठ १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

दंग्याच्या विस्तारावरून असंतोष मोजता येतो काय? :

या दंग्यांचा अर्थ लावताना इतिहासकारांचे दोन तट पडले. रविंदर कुमार यांनी १९६५ मधील निबंधात आणि १९६८ च्या ग्रंथात असे मांडले, की रयतवारी पद्धती आणि न्यायालये यांनी कुणबी व वाणी यांच्यातील जुना तोल मोडला आणि त्या खोल विघटनातून हे दंगे उद्भवले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये याला आक्षेप घेतला. दंगे मर्यादित गावांत झाले, हिंसा थोडी झाली, बहुसंख्य गावे शांत राहिली. यावरून या दंग्यांना व्यापक कृषक उद्रेक मानणे ही एक दंतकथा असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले.

ग्रॅनोव्हेटर यांचे प्रतिमान खरे उपयोगी पडते ते येथे. चार्ल्सवर्थ यांचे अनुमान आकाराकडून कारणाकडे जाते : दंगा लहान, म्हणून असंतोष उथळ. शंभर माणसांच्या उदाहरणाने नेमके हेच अनुमान फोल ठरवले आहे. शांत राहिलेल्या गावातील रयत समाधानी होती असे शांततेवरून म्हणता येत नाही, कारण एका माणसाचा उंबरठा किंचित वर असल्यानेही साखळी तुटते. शिरूर येथे त्या काळी घोडदळाची छावणी होती. छावणीच्या सावलीतील गावात पहिला दगड उचलण्याची किंमत अर्थातच अधिक असणार. अशा गावाची शांतता ही मताची साक्ष नव्हे.

परंतु या प्रतिमानाने रविंदर कुमार यांची बाजू आपोआप बळकट होते असे समजणे चुकीचे ठरेल. तेही दंग्याकडून मागे कारणाकडे चालत गेले आहेत, फक्त उलट दिशेने. तीस-पस्तीस गावे पेटली म्हणून समाजरचना मुळापासून हलली होती, हे अनुमानही तितकेच कच्चे आहे. साखळी जुळून आली तर माफक नाराजीतूनही मोठा दंगा होऊ शकतो. असंतोषाचा पुरावा दंग्याबाहेर शोधावा लागतो, तो खतावण्यांत, जमिनीच्या खरेदीखतांत, न्यायालयांच्या दाव्यांत. दोन्ही इतिहासकारांच्या लेखनाला ग्रॅनोव्हेटर यांचा निबंध उपलब्ध नव्हता हे खरे. १९७८ नंतर या वादाचा आढावा घेणाऱ्यांनी तरी तो विचारात घ्यायला हवा होता. इतिहास आणि समाजशास्त्र यांचे विभाग महाविद्यालयांत एकाच मजल्यावर असतात, पण त्यांच्या संदर्भसूची एकमेकींना ओळखत नाहीत.

उंबरठा कोणाचा? :

प्रतिमानाच्या मर्यादा सुप्यात फारशा जाणवत नाहीत, त्या करड्यात जाणवतात. ग्रॅनोव्हेटर यांच्या चौकातील शंभर माणसे आपापला उंबरठा मनात घेऊन येतात. तो कोठून आला याची चौकशी निबंधात नाही, आणि तशी ती न करण्याचे स्वातंत्र्य त्यांनी उघडपणे घेतले आहे. इतरांच्या संख्येनुसार लाभ-हानीचा हिशेब बदलतो हे त्यांना मान्य आहे. पण हिशेब ज्याचा तो करतो.

बहिष्काराच्या काळात गावांनी ठराव लिहून काढले. सावकाराची जमीन कसणाऱ्याला, त्याची चाकरी करणाऱ्याला न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांच्या सेवा मिळणार नाहीत, असे त्यांत बजावलेले असे. एका गावाने दुसऱ्या गावाला पत्र लिहून सावकारांशी व्यवहार न तोडल्याबद्दल जाब विचारल्याचेही आयोगाच्या कागदपत्रांतून दिसते. हे ठराव म्हणजे उंबरठे ठरवून देण्याची सामूहिक रीतच होय. सामील होण्याची किंमत कमी करण्याऐवजी सामील न होण्याची किंमत वाढवली गेली, तीही बैठकीत, उघडपणे आणि लेखी. येथे एकाला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा अशी चढती साखळी नाही. सगळे एकाच वेळी बांधले जातात.

बैठकीतही क्रम असतोच, पण तो उंबरठ्यांचा नसतो, मानाचा असतो. पोळ्याला पाटलाचे बैल पुढे जातात आणि मग इतरांचे. कोणाचे बैल अधिक चपळ, हा प्रश्न तेथे गैरलागू असतो. गावच्या बैठकीत आधी कोणी बोलायचे हेही असेच ठरलेले असते. ज्याचा मान पहिला, त्याचे मत पहिले, आणि त्यानंतर बोलणाऱ्याला विरोध करायचा असेल तर तो केवळ मताला विरोध राहत नाही. करड्यात अपमानित झालेला ऋणको देशमुख होता, ही बाब म्हणून दुय्यम नाही. त्या गावात कर्जात बुडालेले शेतकरी आणखी कितीतरी असतील. बहिष्कार पडला तो मानाच्या क्रमात वरच्या पायरीवर असलेल्याचे घर पडले तेव्हा. मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ मध्ये मतैक्याचे जे गणिती प्रतिमान मांडले, त्यात प्रत्येकाच्या मताला इतरांनी दिलेले वजन गृहीत धरले आहे. करड्याच्या बाबतीत ते प्रतिमान ग्रॅनोव्हेटर यांच्यापेक्षा जवळचे वाटते, कारण 'वजन' हा शब्द गावाच्या बोलीत आधीपासून त्याच अर्थाने आहे. मात्र वजन जमिनीमुळे आले, वतनामुळे आले की भावकीच्या संख्येमुळे, याचे उत्तर डीग्रूटही देत नाहीत.

आणखी एक अडचण पद्धतीची आहे. उंबरठा प्रत्यक्ष दिसत नाही. तो वर्तनावरून ओळखावा लागतो आणि मग त्याच वर्तनाचे स्पष्टीकरण म्हणून वापरला जातो. ज्याने आधी रोखा जाळला त्याचा उंबरठा कमी, आणि त्याने आधी का जाळला, तर उंबरठा कमी होता म्हणून. ही पुनरुक्ती टाळायची तर उंबरठ्याचे दुसरे काही स्वतंत्र गमक हवे, जसे की कर्जाची रक्कम, हुकूमनाम्याची तारीख, शिरूरच्या छावणीपासूनचे अंतर. सिद्धांताच्या अनुयायांनी संगणकावर हजारो काल्पनिक जमाव उभे केले. अशा गमकांसाठी दप्तरे चाळणारे त्या मानाने थोडे निघाले.

सैल आणि घट्ट :

ग्रॅनोव्हेटर यांचे दोन निबंध एकमेकांशेजारी ठेवले तर एक प्रश्न उभा राहतो, आणि शिरूर-भीमथडीचा पुरावा त्यावर प्रकाश टाकतो. पहिल्या निबंधानुसार दूरवर पोहोचते ते सैल संबंधांतून. मग करड्याचा बहिष्कार शेजारच्या गावांत कशातून गेला? गावांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांमागचा धाक रोटीव्यवहार तुटण्याचा होता. ज्यांच्या पंगतीला बसायचे, ज्यांच्या घरी मुलगी द्यायची, त्यांचा हा धाक आहे. तोंडओळखीचा माणूस असा धाक घालू शकत नाही. बहिष्कार महागडा असतो. त्यात रोजचे नुकसान सोसावे लागते, ते दीर्घकाळ सोसावे लागते, आणि शेजारचा फुटणार नाही याची खात्री लागते. अशी खात्री फक्त घट्ट संबंध देतात. सोयरिकीच्या वाटेने बहिष्कार गेला आणि म्हणूनच तो हळू गेला.

सुप्याचा दंगा याच्या अगदी उलट आहे. आठवडे बाजारात वीस-पंचवीस गावांची माणसे येतात. ती एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, बहुतेकांची नावेही ठाऊक नसतात. हे सैल संबंधांचे शुद्ध रूप आहे. तेथे दंग्याची बातमी तर पसरलीच, शिवाय किती जण सामील आहेत हे डोळ्यांनी दिसत होते, आणि उंबरठ्याच्या प्रतिमानाला नेमकी हीच अट लागते. बाजार उठल्यावर तीच माणसे आपापल्या गावी परतली. चौदा मैलांचे अंतर एका दिवसात कापले गेले यात मग नवल उरत नाही. डेमन सेंटोला आणि मायकेल मेसी यांनी २००७ मध्ये जटिल संसर्गाची कल्पना मांडून असे दाखवले, की ज्या वर्तनाला अनेकांच्या दुजोऱ्याची गरज असते ते दूरच्या एकेरी धाग्यांवरून नीट पसरत नाही. माहिती आणि कृती यांच्या वाटा वेगळ्या असतात हा त्यांचा निष्कर्ष करडे आणि सुपे यांच्या तुलनेत आधीच वाचता येतो. फरक एवढाच, की येथे दोन्ही कृतीच आहेत. एक सोसण्याची आहे, दुसरी एका संध्याकाळची. वेस्ट एंडच्या रहिवाशांना जमले नाही ते करड्याला जमले, याचे कारणही करड्याकडे सैल संबंध अधिक होते असे नव्हे. बॉस्टनमध्ये टोळक्यांना एकत्र बांधणारी बलुत्यासारखी कोणतीही व्यवस्था नव्हती, हे कारण अधिक पटते.

हा भेद आज केवळ इतिहासापुरता उरलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हा उपाय पहिल्या निबंधाच्या तर्काला धरून आहे, सैल धागे तोडले की प्रसार थांबेल असा. संदेश मात्र ज्याने त्याने एकट्याने वाचला होता. जमाव झाला तो रविवारच्या आठवडे बाजारात, समोरची संख्या डोळ्यांनी दिसत असताना. सुपे आणि राईनपाडा यांच्यात १४३ वर्षांचे अंतर आहे. जाळ्यांचे अभ्यासक संदेशाच्या वाटा मोजण्यात गुंतल्याने या दुसऱ्या पायरीकडे त्यांचे दुर्लक्ष झाले आहे.

अफवेचा अधिकार :

अफवेचा मुद्दा निघालाच आहे तर भीमथडीतील अफवाही पाहावी. सावकारांकडून रोखे काढून घ्यावेत असा हुकूम विलायतेहून आला आहे, आणि सरकारी अधिकारी आड येणार नाहीत, अशी वदंता दंग्यांच्या काळात रयतेत पसरली होती. रणजित गुहा यांनी १९८३ च्या ग्रंथात शेतकरी बंडांच्या प्रसारात अफवेला मध्यवर्ती स्थान दिले, ते योग्यच होते. उंबरठा-प्रतिमानाला मात्र ही अफवा पचत नाही. तेथे माणूस आजूबाजूच्यांची संख्या पाहतो. येथे तो सरकारचा कल पाहतो आहे. हुकूम आला असेल तर शेजारी किती उतरले हे मोजण्याची गरजच उरत नाही. सर्वांचे उंबरठे एकाच वेळी खाली येतात. गणितात हे वितरणाचे सरकणे म्हणून दाखवता येईल, पण त्यामुळे स्पष्टीकरणाचा भार साखळीवरून सत्तेविषयीच्या समजुतीवर जातो, आणि ती समजूत प्रतिमानाच्या बाहेर आहे.

कोणाला वगळले? :

मारवाडी व गुजर सावकार हेच प्रामुख्याने दंग्यांचे लक्ष्य ठरले. सावकारी करणाऱ्या ब्राह्मणांना व इतरांना बहुतेक ठिकाणी धक्का लागला नाही. व्याजाचे दर पाहून या निवडीचा उलगडा होत नाही, जाळ्यातील स्थान पाहून होतो. गावाच्या सोयरिकीत आणि मानकरीपणात ज्याचा धागा नाही, तो सर्वांना सारखाच परका असतो, आणि त्याच्याविरुद्ध उभे राहण्यास कोणाचीच नातीगोती आड येत नाहीत. लक्ष्याचे जाळ्यातील स्थान हा घटक ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७८ च्या निबंधात येत नाही. तेथे दगड कशावर पडतो याला महत्त्व नाही, किती जणांनी मारला याला आहे. त्यांच्याच १९७३ च्या निबंधातील साधने येथे वापरता आली असती. दोन निबंधांमधला हा पूल त्यांनी अर्धाच बांधला : मित्राचा प्रभाव परक्यापेक्षा अधिक धरून त्यांनी काही उदाहरणे सोडवली आहेत, पण ज्याच्यावर जमाव चालून जातो तो मात्र जाळ्याबाहेरच राहिला.

हीच गोष्ट बहिष्कार अमलात आणणाऱ्यांची. करड्यात हजामत बंद झाली ती न्हाव्याने वस्तरा ठेवला म्हणून, पाणी बंद झाले ते पाणक्याने घागर ठेवली म्हणून. सावकार हे रोख पैसे देणारे गिऱ्हाईक असणार. ते गेले याचा तोटा बलुतेदाराला झाला. कर्जदार शेतकऱ्याला मात्र झालाच तर फायदा झाला. बलुतेदाराने गावाबरोबर न जाणे म्हणजे सुगीला खळ्यावरचे बलुते गमावणे होते. प्रतिमानाच्या भाषेत तो शंभरातला एक, 'सामील झालेला'. मोजणीत त्याचे मत देशमुखांच्या मताइतकेच एक धरले जाते. ज्याच्या हातात सेवा होती पण ठरावावर बोलण्याचा मान नव्हता, त्याच्या नकाराला मत म्हणायचे की चाकरी, हा भेद उंबरठ्याच्या संख्येत उतरत नाही. करड्याचा बहिष्कार यशस्वी झाला तो मात्र त्याच्याच नकारामुळे.